एकोणचाळीस आणि चाळीस

"एकोणचाळीस नंबर वगळून टाकू या," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यानं मान हलवली. त्याची मान अशी आपोआप हलायची. बावीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाची मान डोक्याला विचारत बसत नाही. समोरच्या पडद्यावर ठिपके होते. डावीकडे चाळीस निळे, नॉर्मल लोकांचे. उजवीकडे दोनशे बारा तपकिरी, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांचे. मधून तीसच्या आकड्यावर आडवी लाल रेघ. निळे ठिपके रेघेखाली शहाण्या मुलांसारखे बसले होते आणि त्यांच्यातला एकच वर, एकटा, वर्गाबाहेर काढल्यासारखा उभा होता. आकडेवाल्यानं त्याच्यावर बाण नेला. आकडेवाल्याच्या हुद्द्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळा मजला त्याला आकडेवालाच म्हणायचा. बाजूला एक छोटी चौकट उघडली. नंबर एकोणचाळीस, आकडा अठ्ठावन्न. "हा एकच छळतोय," आकडेवाला म्हणाला. "बाकी बघा कसं सुरेख बसलंय. ह्याच्या शेजारचाच चाळीस नंबर बघा, बारा!" "नळीत काहीतरी घोळ झाला असणार," बाई म्हणाल्या. "नॉर्मल माणसाचा अठ्ठावन्न येईलच कसा? वगळा. परवा अहवाल जायचाय. चालेल ना?" हे शेवटचं त्याला होतं, कारण नळ्यांचं खातं त्याचं. "चालेल," तो म्हणाला. ठिपका विझला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की एकोणचाळीस म्हणजे आपण. चाळीसही आपणच.

तो बाहेर आला आणि बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागला. हात स्वच्छच होते. पण प्रयोगशाळेत हात धुणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे त्यानं फार पूर्वीच हेरून ठेवलं होतं. वैताग आला, रडू आलं, कुणाला टाळायचं असलं की तो हात धुवायचा. पाणी मनगटावरून वाहत होतं आणि कोपराच्या खोबणीत, दोन्ही हातांच्या, त्याला उगीचच सुई टोचल्यासारखं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी डाव्या हातातून, दुपारी उजव्या. चाळीस निरोगी माणसांचं रक्त महिनाअखेरीपर्यंत गोळा व्हायला हवं होतं आणि निरोगी माणसं मिळणं किती कठीण असतं हे तेव्हा त्याला कळलं. आजारी माणसं रांगा लावून उभी असतात; निरोगी माणसाला वेळ नसतो. शेवटी त्यानं इमारतीतलीच माणसं धरायला सुरुवात केली. टपालवाली झाली, ग्रंथालयातले दोघं झाले, फरशी पुसणारी बाई झाली, मोठ्या बाई स्वतः झाल्या. एकोणचाळिसावा तो स्वतः. त्यात काही चूक नव्हती, सगळ्याच प्रयोगशाळांतली माणसं आपलं रक्त देतात, नॉर्मल म्हणून. चाळिसावा होता इलेक्ट्रिशियन. वय बावन्न, धिप्पाड, उघड्या तारांना पक्कड न घेता हात घालणारा. त्यानं संमतिपत्रावर मोठ्या झोकात सही केली, बाही वर केली, सुई पाहिली, "दोन मिनिटांत आलो" म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. महिन्याचा शेवटचा दिवस. कागद तयार, सही तयार, नंबर तयार, फक्त रक्त नाही. त्यानं दार लोटलं, पट्टा दातांनी ओढून दंडाला बांधला आणि उजव्या हातातून नळी भरून घेतली. पाच मिली रक्ताची ती बाब. नॉर्मल म्हणजे नॉर्मल, एकाचं काय आणि दुसऱ्याचं काय, असं तो तेव्हा स्वतःला म्हणाला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडी गंमतच वाटली होती.

नळी रॅकमध्ये ठेवतो न ठेवतो तोच आगीची घंटा झाली. आग नव्हती, सराव होता. सगळी इमारत जिने उतरून हिरवळीवर जमली आणि पिवळं जॅकेट घातलेला एक गृहस्थ माणसं मोजू लागला. एक माणूस कमी भरत होता. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. नियम असा की डोकी जुळेपर्यंत कुणी आत जायचं नाही. लोक आधी हसले, मग कंटाळले, मग गवतावर बसले, कुणी बूट काढले. अडीच तासांनी तो हरवलेला माणूस तळघरातल्या मीटरच्या खोलीत सापडला. इलेक्ट्रिशियन. सुईच्या भीतीनं लपला होता आणि तिथंच त्याचा डोळा लागला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोही त्या टाळ्यांत होता, सगळ्यांत जोरात. अडीच तास ती चाळीस नंबरची नळी खिडकीच्या उन्हात उभी होती, आणि नियम होता एका तासाचा.

तो एका तासाचा नियम त्याचाच. भिंतीवरचा कागदही त्यानंच टाईप केलेला. रक्तात नुसतं रक्त नसतं. शरीरातली प्रत्येक पेशी, चांगली असो की बिघडलेली, रक्तात आपले बारीक बारीक तुकडे सोडत असते. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात, पण ताईला समजावून सांगताना तो चिठ्ठ्या म्हणाला होता आणि आता त्याच्या स्वतःच्याही तोंडात तोच शब्द बसला होता. पेशी आपापसांत चिठ्ठ्या पाठवतात. आतड्यातल्या गाठीच्या चिठ्ठ्या वेगळ्या. गाठ कापून काढल्यावरही कुठं काही मागं राहिलं असेल तर त्या येतच राहतात, डॉक्टरांना फोटोंत काही दिसण्याच्या कितीतरी आधी. अशा आठ चिठ्ठ्या मोजायच्या आणि रक्तात नेहमीच असणाऱ्या एका नवव्या चिठ्ठीशी त्यांची तुलना करायची. त्यातून एक आकडा येतो. तीसच्या वर म्हणजे रोग परतायची भीती. तीसच्या खाली म्हणजे जा, घरी जा, निवांत राहा. पण ती नववी चिठ्ठी, जिच्याशी सगळी तुलना, ती तांबड्या पेशींमध्ये खच्चून भरलेली असते. रक्त वेळेवर सेंट्रिफ्यूजवर फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, नळी तशीच उभी राहिली, की तांबड्या पेशी फुटायला लागतात. नववी वाढते. तिच्यापुढं बाकीच्या आठ दबून जातात. आकडा खाली येतो. उशीर झालेली नळी निर्दोष दिसते. हे सगळं पुस्तकांत लिहिलेलं होतं आणि तो ते नव्या माणसांना गेली कित्येक वर्षं पढवत होता, पोपटासारखं. एकाच माणसाचं, एकाच दिवसाचं रक्त. वेळेवर फिरवलेलं अठ्ठावन्न, उभं राहिलेलं बारा. नॉर्मल लोकांच्या नळ्या दोन वर्षं फ्रीजरमध्ये पडून होत्या, गेल्या आठवड्यात मशीनवर चढल्या, म्हणून हे आज दिसलं. आणि दिसलं ते साऱ्या जगात फक्त त्याला, कारण बाकीच्यांच्या लेखी एकोणचाळीस हा एक कुणीतरी होता आणि चाळीस हा एक इलेक्ट्रिशियन.

नळ बंद करताना त्याला ताई आठवली. आठवली म्हणणं खोटं आहे. ती पडद्यावरचा ठिपका विझला तेव्हापासून तिथंच होती, तो तिच्याकडं पाहत नव्हता इतकंच. फ्रीजरची खोली मजल्याच्या टोकाला होती, बिनखिडकीची, उभ्या कपाटांएवढ्या सात फ्रीजरांची. त्यांचा घरघराट इतका सारखा होता की आत गेलं की आपलेच कान भरून आल्यासारखे वाटायचे. त्यानं जाड हातमोजे चढवले. उणे ऐंशी. दार एका मिनिटापेक्षा जास्त उघडं राहिलं की किंचाळायचं. नॉर्मलचा डबा दुसऱ्या फळीवर. त्यातून त्यानं दोन छोट्या नळ्या काढल्या, दार लावलं आणि हातमोज्याच्या तळव्यावर त्या दिव्याखाली धरल्या. त्यांच्यावर पांढरं दव धरलं होतं, ते त्यानं अंगठ्यानं पुसलं. एकोणचाळीस गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळट. चाळीस तसाच, पण तळाशी गुलाबीची झाक. अगदी पुसट. मशीनवर चढवताना त्यानंच ती पाहिली असणार आणि सोडून दिली असणार. इतकी झाक चालते, म्हणून सोडायचीच असते. मग त्यानं पाचवा फ्रीजर उघडला. तिथल्या डब्यांवर नंबर होते, नावं नव्हती, पण एक नंबर त्याला पाठ होता. दोनशे तीन. त्यानं ती नळी बाहेर काढली. त्यानं दव पुसलं. मग पुन्हा पुसलं, झाक दवाची असेल म्हणून. मागं फ्रीजर किंचाळायला लागला. दार उघडंच राहिलं होतं.

ताईचं रक्त त्यानं स्वतः घेतलं होतं, ऑपरेशननंतर चार आठवड्यांनी, वरच्या मजल्यावरच्या तपासणीच्या खोलीत. दुसऱ्या कुणाला तिची शीर सापडत नाही असं ती म्हणायची आणि ते खरंही होतं. नळी भरली, लेबल लावलं, ती एप्रनच्या खिशात टाकली आणि तो निघाला. "बस की रे थोडा वेळ," ताई म्हणाली. बस. तिनं आयुष्यात त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ही अठरा. तेव्हापासून देणं तिचं आणि घेणं ह्याचं असं ठरूनच गेलं होतं. तिनं कपडे शिवून, उसवून, आवळून, सैल करून त्याला शिकवलं. शहरातल्या अर्ध्या माणसांच्या कमरा तिच्या वहीत लिहिलेल्या होत्या आणि अमका वकील कसा वर्षाला एक इंच वाढतो हे ती कुणाचं नाव न घेता सांगून लोकांना हसवायची. ती बस म्हणाली आणि तो बसला. खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. ती बोलत होती. लहानपणी तो टेपची गुंडाळी कानाला लावून फोन फोन खेळायचा आणि मेलेल्या आईशी बोलायचा, ते. "काय बोलायचास माहितीय? ताई मारते म्हणून चुगल्या सांगायचास. मी मारायची नाही रे एवढं." ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्यावर तिला हेच आठवत होतं म्हणे. त्याचा हात खिशात होता. नळी बोटांत होती, कोमट, आणि बोलण्याच्या नादात तो ती उलटसुलट फिरवत होता, किल्ल्या फिरवाव्यात तशी. तास झाल्याचं त्याला कळलं होतं. हे त्याला आज स्वतःपासून लपवता येईना. कळलं होतं आणि तो उठला नाही. उठलो तर हिला वाटेल ह्याला कामाची घाई आहे, असं त्याच्या मनात आलं होतं. दोन तासांनी तो खाली आला आणि नोंदीच्या रकान्यात त्यानं रक्त घेतल्याची वेळ टाकली ती खाली पोचल्याची. प्लाझ्मा किंचित गुलाबी निघाला. नापास करायचा तर पुन्हा सुई, तिच्या त्या दमलेल्या शिरांत, आणि वर का म्हणून कारण लिहायचं. चालतं एवढं, तो म्हणाला. मग आकडा आला. चौदा.

त्या चौदावर काय काय उभं राहिलं होतं! रोग मधल्या पायरीचा होता. औषध द्यावं की नाही यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं. अशा रोग्यांसाठीच तर हा सगळा प्रकल्प होता. तीसच्या वर असेल त्याला सहा महिने केमो, खाली असेल त्याला सुट्टी. "तुमचा चौदा आहे," डॉक्टर ताईला म्हणाले, "आपण औषध नाही दिलं तरी चालेल." ताईला मरणाची भीती नव्हती असं नाही, पण तिला त्या औषधाची जास्त होती, कारण डॉक्टरांनीच आधी सांगून ठेवलं होतं की ह्या औषधानं बोटं बधिर होतात. काहींची परत येतात, काहींची येत नाहीत. "सुई नुसती दिसून भागत नाही," ती म्हणाली होती, "बोटाला कळावी लागते." चौदा कळल्याच्या दिवशी तिनं त्याला फोन केला आणि काही न बोलता नुसतं शिवणयंत्र चालवून ऐकवलं. टकटकटकटक. तो इकडं फोन धरून उभा होता आणि हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आठ दिवस झाले त्याला. ऑपरेशनला सहा आठवडे. औषध द्यायचं तर आठ आठवड्यांच्या आत सुरू करावं लागतं, नंतर त्याचा फारसा उपयोग नसतो. म्हणजे फार तर दोन आठवडे हातात होते.

दुपारी तो बाईंच्या दारापर्यंत दोनदा गेला. पहिल्या वेळी त्या फोनवर होत्या. दुसऱ्या वेळी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "काय?" म्हणाल्या. तोंडाशी आलेलं वाक्य पूर्ण तयार होतं. "खिडकी लावू का? वारा येतोय," तो म्हणाला. बाईंनी खिडकीकडं पाहिलं. ती बंदच होती. "तुम्ही जरा सुट्टी घ्या हो," बाई मायेनं म्हणाल्या, "अहवाल गेला की घ्याच." त्या वाईट नव्हत्या. त्या वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं, असं त्याला वाटलं. आपल्या टेबलाशी बसून त्यानं मग सगळं पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते त्याच्याच अंगावर आलं. गप्प राहायचं, तर काहीच करावं लागत नव्हतं. बाईंनी एकोणचाळीस वगळलेलाच होता. चाळीस इलेक्ट्रिशियनच्या नावावर सुखानं बारा म्हणून नांदत होता. ताईचा चौदा चौदाच राहत होता, तिची बोटं शाबूत. एकच मान हलवायची होती आणि ती हलवून झाली होती. बोलायचं, तर आधी खोट्या कागदाचं बोलावं लागणार. बावीस वर्षांच्या नोकरीवर पाणी. तेही तो सोसायला तयार झाला, मनातल्या मनात, दुपारी तीनच्या सुमाराला. दोन नळ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. दुसऱ्या कुणाला त्यानं ते छातीठोकपणे सांगितलं असतं. ताईचा खरा आकडा कदाचित वीस असेल. कदाचित सत्तर. मग आपण बोललो आणि तिनं भीतीनं औषध घेतलं आणि बोटं गेली आणि रोग मुळात नव्हताच, तर? आणि नाही बोललो आणि दोन वर्षांनी तो परत आला, तर? तो ह्या दोन 'तर'च्या मध्ये बसून राहिला. टेबलावर त्यानं पिपेटची टोकं एका रांगेत लावली होती, कधी लावली ते त्याला कळलं नव्हतं.

पण ह्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडं तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. बसमध्ये, खिडकीच्या काचेला डोकं टेकल्यावर, ती आपणहून वर आली. ताईचा चौदा खोटा मानायचा तर आपला बारा खोटा मानावा लागतो. आणि बारा खोटा मानायचा, तर अठ्ठावन्न खरा. मधला रस्ता नव्हता. दिवसभर आपण ताईच्या बोटांची, नोकरीची, कागदाची काळजी करत होतो, पण ज्या क्षणी 'चालेल' म्हणालो, त्या क्षणी आपल्याला ते कुठंतरी माहीत होतं आणि म्हणूनच तो ठिपका विझला तेव्हा छातीत हलकं वाटलं होतं. वगळा. वगळून टाका मला. त्याला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षांपूर्वीचा अठ्ठावन्न. आता किती असेल? गेल्या काही महिन्यांत जिन्यात दम लागायचा, त्याला तो वय म्हणत होता. कधीमधी रक्त दिसायचं, त्याला मूळव्याध म्हणत होता. डॉक्टरला न विचारता, स्वतःच. दोनशे बारा माणसांच्या नळ्या हाताळणारा माणूस. पट्ट्याला त्यानं खिळा आणि हातोडीनं एक नवं भोक पाडलं होतं, मार्चमध्ये. बायकोला त्यात आनंदच वाटला होता. "ताईंकडं जातोच आहेस तर ही पँट घेऊन जा, आवळून आण," तिनं सकाळी पिशवी हातात दिली होती. "बारीक झालास ते बरंच दिसतंय." बस थांबली, दार उघडलं, लोक उतरले, दार मिटलं. त्याचा थांबा मागं गेला. तो पुढच्या थांब्यावर उतरून उलटा चालत आला आणि चालताना सारखा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला, बोट पांढरं होईपर्यंत.

ताईच्या खोलीत दिवा मशीनच्या मानेवर वाकलेला होता आणि ती खुर्चीत उशी घालून बसली होती, पोटावरचा टाका अजून ओढायचा म्हणून. "ये. उशीर केलास. दाखव काय आणलंयस," ती म्हणाली आणि पिशवी उलटी करून पँट झटकली. "घाल. घातल्याशिवाय मी खडू लावत नाही, माहितीय ना? मोठे साहेब झालात तरी." तो आतल्या खोलीत जाऊन पँट बदलून आला आणि आरशासमोरच्या लाकडी पाटावर उभा राहिला. तिथं तो शाळेत जाण्यापासून उभा राहत आला होता. ताईनं सात-आठ टाचण्या ओठांत धरल्या, त्याच्या मागं, जरा बाजूला उभं राहून टेप त्याच्या कमरेभोवती टाकली आणि ती ओढून घेत आकडा वाचायला वाकली. टाचण्या तोंडात असताना ताईला बोलता येत नसे. लहानपणी तो आपले सगळे गुन्हे अशाच वेळी कबूल करायचा.

"ताई, तुझं रक्त घेतलं ना मी, त्या दिवशी. मग आपण बसलो खिडकीत. ती नळी माझ्या खिशात होती. दोन तास. ती तासाच्या आत फिरवायची असते. नाही फिरवली की आकडा खाली येतो. तुझा चौदा आला तो त्यामुळं आला असेल. नसेलही. मला माहीत नाही. वेळ मी खोटी लिहिली."

आरशात त्याला तिचा भांग दिसत होता, पांढरा, सरळ. मग तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटाच्या उशीत खोचल्या. सगळ्या निघेपर्यंत बराच वेळ गेला.

"म्हणजे मीच तुला बस म्हटलं," ती म्हणाली.

"तू म्हटलंस म्हणून नाही—"

"मीच म्हटलं. गप्प." तिनं उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर एकेक घासून पाहिली, कापडाचा पोत बघतात तशी. तिचा चेहरा पडला आणि तिनं तो लपवला नाही. "सहा आठवडे झाले ना?" 

"सहा. उद्या पुन्हा रक्त घेऊ. मी नाही घेणार, दुसरं कुणीतरी घेईल. परवापर्यंत कळेल."

"आणि वर आला आकडा, तर औषध."

"हो."

खाली कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, तो साखळीचा आवाज संपला. त्याला वाटलं, झालं, सांगून झालं. पाटावरून उतरावं म्हणून त्यानं पाय उचलला. टेप अजून तिच्या दोन्ही मुठींत होती. ती त्याच्या कमरेला आवळली गेली.

"इतके दिवस काही बोलला नाहीस," ताई म्हणाली. "आज कसं कळलं तुला?"

"आज दुसऱ्या एका माणसाच्या दोन नळ्या बघितल्या. एक वेळेवरची, एक उशिराची. त्यावरून."

"कुणाच्या?"

"होता एक."

"चौतीस होती तुझी," ती म्हणाली. तिनं टेपवरचा अंगठा दिव्याकडं वळवला. "मागच्या वर्षी चौतीस. मला वहीत बघावं लागत नाही. आत्ता साडेएकतीस आहे. लोकांच्या कमरा मी चाळीस वर्षं मोजतेय, अडीच इंच उगीच जात नाहीत. कुणाच्या नळ्या होत्या त्या?"

तो आरशात बघत होता, तीही आरशातच बघत होती. टाचण्या तोंडात नव्हत्या, हे त्याच्या लक्षात आलं.

"माझ्या," तो म्हणाला.

"वेळेवरची किती?"

"अठ्ठावन्न." दिवसभरात तो आकडा त्यानं पहिल्यांदा तोंडानं उच्चारला होता, आणि आवाज सहा वर्षांच्या मुलासारखा आला. "दोन वर्षं झाली त्याला. त्यांनी आज तो वगळून टाकला, ताई. मी चालेल म्हणालो."

तिनं टेप सोडली नाही. एका हातात दोन्ही टोकं धरून दुसऱ्या हातानं तिनं मनगटावरची टाचणी काढली, कमरेशी कापडाची चिमूट धरली आणि टाचणी आत घातली. मग काढली. पँट आवळायची नाही, असं तिनं ठरवलं असावं. चिमूट सुटून कापड पुन्हा सैल झालं.

"सकाळी आधी तुझ्या त्या बाईंकडं जायचं," ती म्हणाली. "मी येणार आहे. तुला धरून नेलं नाही तर तू हात धूत बसशील. मग वर जायचं. आधी तुझी नळी, मग माझी. आणि दोन्ही मी हातात धरून खाली नेणार. खिशात नाही."

"नोकरी जाईल."

"जाईल. काजं करायला ये माझ्याकडं. माझी बोटं गेली तर कुणीतरी लागेलच." ती हसायला गेली, तेवढ्यात तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं, मणक्याच्या मधोमध, आणि तिथंच राहिलं. तो वळायला लागला.

"हलू नकोस," ताई म्हणाली. "टाचणी आहे हातात."

तो हलला नाही.